हनुसंधिविकार, संधिवाताभ संधिशोथातील

खालचा जबडा, म्हणजे अधोहनू, कवटीच्या शंखास्थीला ज्या दोन सांध्यांनी जोडलेला असतो त्यांस हनुसंधी म्हणतात. संधिवाताभ संधिशोथ या दीर्घकालिक रोगात हातापायांच्या लहान सांध्यांप्रमाणे या सांध्यांतही शोथ (दाहयुक्त सूज) उत्पन्न होतो. त्यामुळे कानापुढे वेदना, चावण्यास त्रास, तोंड पुरेसे न उघडणे आणि रोग बळावल्यास दातांची पकड व चेहऱ्याची ठेवण बदलणे, हे विकार उद्‌भवतात. या रोगास डॉक्टर रूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात; लोकव्यवहारात तो ‘सांधेवात’, ‘आमवात’ किंवा नुसता ‘वात’ या नावांनी ओळखला जातो. मात्र वयोमानाने होणारी सांध्यांची झीज, चिकुनगुन्या तापानंतरची सांधेदुखी आणि वातरक्त (गाउट) यांनाही लोक ‘वात’च म्हणतात. त्यामुळे रुग्णाने सांगितलेल्या ‘वाता’वरून रोगाचा निश्चित बोध होत नाही.

माधवकराच्या माधवनिदान  या ग्रंथात आमवाताचा स्वतंत्र अध्याय आहे आणि आयुर्वेदात जबडा धरण्याच्या विकारास ‘हनुग्रह’ अशी संज्ञा आहे. आमवात व संधिवाताभ संधिशोथ यांच्या वर्णनांत साम्य असले, तरी दोन्ही एकच मानणे सर्वस्वी योग्य नाही. आधुनिक वैद्यकात ऑग्युस्तीन झाकोब लांद्रे-बोव्हे या फ्रेंच वैद्यांनी १८०० मध्ये या रोगाचे वर्णन केले. रोगाचे आजचे इंग्रजी नाव आल्फ्रेड बेअरिंग गॅरड या ब्रिटिश वैद्यांनी १८५९ मध्ये रूढ केले. लहान मुलांतील दीर्घकालिक संधिशोथाकडे जॉर्ज स्टिल यांनी १८९७ मध्ये लक्ष वेधले. जबड्याच्या सांध्याकडे स्वतंत्र दृष्टीने पाहण्यास मात्र त्यानंतर बराच काळ लागला. १९३४ मध्ये अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी दात पडलेल्या रुग्णांतील कानाच्या तक्रारींचा संबंध हनुसंधीशी जोडला. त्यांची शारीरीय उपपत्ती पुढे टिकली नाही. तथापि कानाच्या दुखण्याचे मूळ जबड्यात असू शकते, ही जाणीव त्यांच्यामुळे वैद्यकात रुजली.

रचना व कार्य : कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडमीट केल्यास बोटाखाली एक हाड सरकताना जाणवते. ते अधोहनूचे वाटोळे शीर्ष होय. ते शंखास्थीच्या खोबणीत बसते आणि दोहोंच्या मध्ये तंतुमय उपास्थीची चकती असते. या चकतीमुळे सांध्याचे वरचा व खालचा असे दोन कप्पे होतात. तोंड उघडू लागताच खालच्या कप्प्यात शीर्ष बिजागरीप्रमाणे फिरते. तोंड अधिक उघडताना वरच्या कप्प्यात चकतीसह शीर्ष पुढे घसरते. फिरणे व घसरणे या दोन्ही क्रिया एकाच सांध्यात होत असल्यामुळे त्याची घडण गुंतागुंतीची आहे. शिवाय उजवा व डावा सांधा एकाच हाडाच्या दोन टोकांना असल्याने एकाला सोडून दुसऱ्याला हालचाल करता येत नाही. एका बाजूस वेदना होऊ लागल्या म्हणजे रुग्ण दुसऱ्या बाजूने चावू लागतो व कालांतराने तीही बाजू दुखू लागते.

प्रौढ व्यक्तीच्या वरच्या व खालच्या पुढील दातांत, तोंड पूर्ण उघडले असता, सामान्यतः ४० ते ५० मिमी. अंतर पडते. स्वतःची तर्जनी, मध्यमा व अनामिका ही तीन बोटे उभी करून दातांमध्ये बसली तर तोंड पुरेसे उघडते, असे समजण्याची सोपी रीत आहे. परंतु ज्या रुग्णांची बोटेच वाकडी झाली आहेत त्यांच्यासाठी ही रीत निरुपयोगी ठरते. त्यांच्या बाबतीत मोजपट्टीच वापरावी व आकडा नोंदवून ठेवावा. एका वेळच्या मापापेक्षा दर काही महिन्यांनी घेतलेल्या मापांची तुलना अधिक बोलकी असते.

विकृती : संधिवाताभ संधिशोथ हा आत्मप्रतिरक्षेचा रोग आहे; म्हणजे संसर्गापासून बचाव करणारे शरीराचे प्रतिरक्षा तंत्र स्वतःच्याच ऊतकांवर (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहांवर) आघात करते. त्याचे मूळ कारण पूर्णपणे उलगडलेले नाही. आनुवंशिक प्रवृत्ती, धूम्रपान आणि हिरड्यांचा दीर्घकालिक रोग यांचा त्याच्याशी संबंध दिसून आला आहे. स्त्रियांत त्याचे प्रमाण पुरुषांच्या सु. तिप्पट असते.

सांध्याच्या आतील अस्तरास संधिकला म्हणतात. या रोगात ती सुजते, जाड होते व तिच्यातून स्रवणारा द्रव सांध्यात साठतो. पुढे तिच्यापासून पॅनस नावाचे वाढीव ऊतक तयार होऊन ते उपास्थीवर व हाडावर पसरते आणि त्यांना कुरतडते. हनुसंधीत प्रथम चकती झिजते वा फाटते. मग शीर्षाचा वाटोळेपणा जाऊन ते सपाट, पेन्सिलीच्या टोकासारखे निमुळते वा खडबडीत बनते. दोन्ही बाजूंची शीर्षे झिजून आखूड झाली म्हणजे जबड्याची मागील उंची कमी होते. परिणामी तोंड मिटताना केवळ मागच्या दाढाच एकमेकींना टेकतात आणि पुढील दातांत फट राहते. हनुवटी मागे जाते. अशा रुग्णास दाताने पोळीचा तुकडा तोडता येत नाही किंवा दोरा तोडता येत नाही, हे घरातील माणसांच्या ध्यानी प्रथम येते. क्वचित हाडे एकमेकांस सांधली जाऊन सांधा कायमचा जखडतो. या अवस्थेस अँकिलोसिस म्हणतात.

हनुसंधी किती रुग्णांत बाधित होतो याबद्दल निरनिराळ्या पाहण्यांतील आकडे एकमेकांपासून फार दूर आहेत. केवळ रुग्णाची तक्रार विचारली तर प्रमाण कमी येते, हाताने तपासले तर वाढते आणि एमआरआय प्रतिमा घेतल्यास आणखी वाढते. रोगाच्या काळात केव्हातरी निम्म्याच्या आसपास रुग्णांत या सांध्याची काहीना काही लक्षणे दिसतात, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. सर्वसाधारणपणे हातपायांचे सांधे आधी धरतात व जबडा मागाहून. जबड्यानेच रोगाची सुरुवात होणे विरळा.

लक्षणे : कानापुढे खोल व मंद वेदना हे प्रमुख लक्षण होय. ती कानात, कानशिलात व गालात पसरते आणि कठीण पदार्थ चावताना वाढते. सकाळी चूळ भरताना वा जांभई देताना जबडा आखडल्यासारखा वाटतो व दिवस वर येतो तसा सैल होतो. हा सकाळचा ताठरपणा शोथजन्य सांधेदुखीचे व्यवच्छेदक चिन्ह मानतात. झिजेच्या सांधेदुखीत उलट कामाअंती दुखणे वाढते. सांध्यात द्रव साठला असेल, तर त्या बाजूच्या दाढा पूर्ण मिटत नाहीत. उपास्थी झिजल्यानंतर तोंड उघडताना वाळू चिरडल्यासारखी करकर ऐकू येते. पुष्कळ रुग्णांत वेदना थोडी व नाश अधिक असा विपरीत प्रकारही आढळतो. म्हणून दुखत नाही याचा अर्थ सांधा शाबूत आहे, असा करता येत नाही.

या रोगाची तोंडातील इतर लक्षणेही जबड्याच्या दुखण्यात भर घालतात. काही रुग्णांत लालाग्रंथींचा स्राव आटतो व तोंड कोरडे पडते. लाळ नसल्याने घास भिजत नाही, तो अधिक चावावा लागतो आणि दात लवकर किडतात. बोटे वाकल्यामुळे दात नीट घासता येत नाहीत. हिरड्यांचा रोग व संधिवाताभ संधिशोथ यांचा संबंध तर दुहेरी आहे. हिरड्यांत वाढणाऱ्या पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस  या सूक्ष्मजंतूच्या एंझाइमामुळे प्रथिनांत घडणारा बदल आणि या रोगात रक्तात सापडणारी प्रतिपिंडे यांचा धागा जुळतो, असे अलीकडील संशोधनात आढळले आहे.

बालकांतील हनुसंधी : सोळा वर्षांच्या आत सुरू होऊन सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा, अन्य कारण नसलेला संधिशोथ हा बालसंधिशोथ या स्वतंत्र गटात घालतात. प्रौढांपेक्षा मुलांत हनुसंधीची विकृती अधिक गंभीर मानावी लागते, कारण अधोहनूच्या वाढीचे एक महत्त्वाचे केंद्र नेमके तिच्या शीर्षात असते. ते दुखावले की जबडा वाढत नाही. एकच बाजू बाधित झाल्यास हनुवटी त्या बाजूस वळते. दोन्ही बाजू बाधित झाल्यास हनुवटी लहान व मागे राहून चेहरा पक्ष्यासारखा दिसू लागतो. दुःखाची गोष्ट अशी की, मूल सहसा जबडा दुखतो म्हणून सांगत नाही. जेवायला वेळ लावते, भाकरीऐवजी भातच मागते, आणि घरचे त्यास हट्टी ठरवितात. गुडघा वा घोटा सुजलेल्या प्रत्येक मुलाचे तोंड किती उघडते हे प्रत्येक भेटीत मोजावे, या एका साध्या उपायाने पुष्कळ चेहरे वाचू शकतात.

निदान : रोगाच्या एकूण निदानासाठी सांध्यांची तपासणी, रक्तातील संधिवाताभ घटक (रूमॅटॉइड फॅक्टर), सीसीपी-विरोधी प्रतिपिंडे आणि शोथदर्शक चाचण्या यांचा उपयोग होतो. अमेरिकन व यूरोपीय संस्थांनी २०१० मध्ये संयुक्तपणे ठरविलेल्या निकषांत हनुसंधीचा उल्लेख आहे, पण तो फक्त दहांहून अधिक सांधे बाधित असलेल्या गटात मोजण्यापुरता. उपचारांचा परिणाम जोखण्यासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या २८ सांध्यांच्या यादीत तर हनुसंधी नाहीच. जे मोजले जात नाही त्याकडे लक्ष जात नाही, हा अनुभव येथेही येतो. सांध्यांचे तज्ज्ञ जबडा दंतवैद्याचा विषय समजतात. दंतवैद्य दात पाहतो. आणि कान दुखतो म्हणून रुग्ण कानाच्या डॉक्टरांकडे जातो. या तीन दारांच्या फेऱ्यांत निरोगी दाढ काढली गेल्याची उदाहरणे दंतवैद्यकात नवी नाहीत. दाढ काढल्यानंतरही वेदना तशीच राहिली तर सांध्याचा विचार अवश्य करावा.

साध्या क्ष-किरण चित्रात व दोन्ही जबड्यांच्या विस्तृत चित्रात (ओपीजी) हाडाची झीज दिसते, परंतु ती झाल्यानंतरच. सी. टी. क्रमवीक्षणात हाडाचा तपशील अधिक स्पष्ट दिसतो. सुरुवातीचा शोथ पाहावयाचा असेल, तर शिरेतून रंजकद्रव्य देऊन केलेले एमआरआय हेच विश्वसनीय साधन होय.

तोंड कमी उघडण्याची अन्य कारणे वगळणे हा निदानाचा महत्त्वाचा भाग असून कोकणात तो विशेष काळजीने करावा लागतो. सुपारी चघळण्याच्या सवयीमुळे गालाच्या आतील अस्तराखाली तंतुमय ऊतक साचून तोंड आवळत जाते. या विकारास अधःश्लेष्मकला तंतुमयता म्हणतात. त्याचे ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे इंग्रजी नाव मुंबईच्या जोशी यांनी १९५३ मध्ये सुचविले. माडा-पोफळींच्या या प्रदेशात पान-सुपारी हा आदरातिथ्याचा भाग असल्यामुळे ती रोगाचे कारण असेल, हे वृद्ध मंडळींना पटत नाही. या विकारात तिखट पदार्थाने तोंडाची आग होते, गालाचे अस्तर पांढुरके पडते आणि बोटाने चाचपल्यास दोरीसारखे पट्टे लागतात. कानापुढे दुखत नाही, सांध्यात करकर नसते. संधिशोथात नेमके उलट असते. एकाच व्यक्तीत दोन्ही असू शकतात, हे मात्र विसरू नये. सुपारीमुळे होणाऱ्या विकाराचे पुढे कर्करोगात रूपांतर होण्याचा धोका असतो, म्हणून ‘वातानेच तोंड धरले’ असे समजून स्वस्थ बसणे घातक ठरते. महाराष्ट्रात गुटख्याच्या विक्रीवर २०१२ पासून बंदी आहे. साध्या सुपारीस ती लागू नाही. याशिवाय अक्कलदाढेभोवतीचा पू, जबड्याचा जुना मार आणि धनुर्वातातील दातखीळ ही कारणेही ध्यानात घ्यावीत. दातखीळ काही तासांत वा दिवसांत बसते, संधिशोथाने जबडा आखडण्यास महिने लागतात.

मालवण किनारपट्टी व सिंधुदुर्ग : महाराष्ट्रात संधिरोगांच्या लोकसंख्यापर अभ्यासाचा पाया पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घातला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने १९८१ मध्ये आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमानुसार पुण्याच्या सेंटर फॉर रूमॅटिक डिसीजेस या संस्थेने डॉ. अरविंद चोप्रा यांच्या मार्गदर्शनाखाली १९९६ मध्ये तेथे घरोघर पाहणी सुरू केली. प्रौढांत संधिवाताभ संधिशोथाचे प्रमाण सु. अर्धा टक्का आढळले. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ८,४९,६५१ आहे. भिगवणचे प्रमाण येथील प्रौढांना लावल्यास जिल्ह्यात तीन हजारांच्या आसपास रुग्ण असावेत, असा स्थूल अंदाज करता येतो. तो अंदाजच होय, गणना नव्हे. तथापि या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया आहेत (२०११) आणि हा रोग स्त्रियांत अधिक असतो, हे पाहता तो अतिशयोक्त म्हणता येणार नाही.

समुद्राच्या दमट हवेने हा रोग होतो, अशी समजूत किनाऱ्यावर दृढ आहे. मालवण-वेंगुर्ल्याच्या मुसळधार पावसात सांधे अधिक दुखल्याचे पुष्कळ रुग्ण सांगतात व ते नाकारण्याचे कारण नाही. पण हवेने दुखणे जाणवणे आणि हवेने रोग होणे या भिन्न गोष्टी आहेत. कोरड्या हवेच्या भिगवणातही हा रोग आहेच. २००६ मध्ये महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली, तेव्हापासून निदानात आणखी एक गुंता वाढला. त्या तापानंतर महिनोन्‌महिने टिकणारी सांधेदुखी संधिवाताभ संधिशोथासारखीच दिसते, मात्र बहुतेकांत ती हळूहळू ओसरते व हाडे झिजत नाहीत.

येथील व्यवसायांचा विचारही करावयास हवा. काजू फोडणे व सोलणे, मासळी साफ करणे, जाळी विणणे ही कामे बोटांची आहेत; बोटे धरली म्हणजे मजुरी थांबते आणि उपचार बोटांपुरतेच मागितले जातात. काही कामांत दातांचा तिसऱ्या हातासारखा उपयोग केला जातो. गाठ सोडविणे, दोरा वा जाळ्याचे सूत तोडणे यांसाठी दात वापरणे हनुसंधी सुजलेल्या व्यक्तीने टाळावे. मासळीची पाटी डोक्यावर वाहणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत मानेचाही प्रश्न असतो. या रोगात मानेचे वरचे दोन मणके सैल होऊ शकतात, म्हणून जबडा व मान दोन्ही दुखत असलेल्या रुग्णेने मानेचे क्ष-किरण चित्र काढल्याशिवाय डोक्यावर ओझे घेऊ नये.

आहाराच्या बाबतीत मात्र मालवणी स्वयंपाक या रुग्णांना अनुकूल आहे. उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, कुळथाची पिठी, सोलकढीत भिजविलेली आंबोळी, नारळाच्या रसातील शिरवाळे हे पदार्थ जबड्यास फारसे श्रम न देता खाता येतात. वडे, कडक भाकरी, कच्च्या खोबऱ्याचे तुकडे, भाजलेले काजू व भाजून खाल्ले जाणारे सुके मासे जबड्याची सूज असेपर्यंत वर्ज्य करावेत. केवळ पेजेवर राहिल्यास मात्र प्रथिने कमी पडतात. या रोगात स्नायू आधीच रोडावतात, तेव्हा कुळीथ, अंडी व मासळी आहारात असलीच पाहिजे. काट्यांचा धोका लक्षात घेता पेडवे व तारली यांपेक्षा सुरमई किंवा मोरी बरी. मोरीच्या सांगाड्यात हाडे नसून उपास्थी असते. तोंड दोन बोटांएवढेही उघडत नसेल तर घशात अडकलेला काटा काढणे डॉक्टरांनाही अवघड जाते. माशांच्या तेलातील मेदाम्लांनी सांधेदुखी थोडी कमी होते असे प्रयोगांत दिसले आहे. परंतु ती मात्रा रोजच्या कालवणातून मिळणाऱ्या मात्रेहून बरीच अधिक असते, आणि औषधाची जागा मासे घेऊ शकत नाहीत.

जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला. ओरोस येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून सुरू झाले. दक्षिणेकडील तालुक्यांतील रुग्ण पूर्वापार गोव्यातील बांबोळी येथे जातात. तेथे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाशेजारीच १९८० मध्ये स्थापन झालेले गोवा दंत महाविद्यालय आहे, त्यामुळे सांध्यांचे व जबड्याचे वैद्य एकाच आवारात भेटतात. मालवणहून हे अंतर शंभर किमी.हून अधिक आहे. रोजंदारीवरील स्त्रीला दर महिन्यास असा प्रवास परवडत नाही. म्हणून नियमित औषधे व रक्ततपासणी तालुक्यात आणि वर्षातून एकदोनदा तज्ज्ञांची भेट, अशी वाटणी करणे प्रस्तुत लेखकास व्यवहार्य वाटते.

उपचार : हनुसंधीचा उपचार म्हणजे प्रथम मूळ रोगाचा उपचार. जबड्यावर शेक, मलम व मालिश करीत राहून रोगाकडे दुर्लक्ष केल्यास सांधा झिजतच राहतो. वेदनाशामक औषधांनी दुखणे कमी होते, पण झीज थांबत नाही. ती थांबविणाऱ्या वा मंदावणाऱ्या औषधांत मेथोट्रेक्झेट प्रमुख असून अमेरिकेत या रोगासाठी त्यास १९८८ मध्ये मान्यता मिळाली. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोज घेतल्यास तोंडात व्रण पडून रक्तपेशी घटतात व प्राणावर बेतते, म्हणून वार ठरवून तो औषधाच्या चिठ्ठीवर मराठीत लिहून देणे हितावह. त्यासोबत फॉलिक अम्ल देतात आणि रक्ताची व यकृताची तपासणी ठराविक काळाने करतात. गर्भधारणेपूर्वी ते बंद करणे आवश्यक असते. सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात. मेथोट्रेक्झेट घेणाऱ्या रुग्णास शेतात काम करताना ताप आल्यास त्या आठवड्याची मात्रा थांबवून त्वरित डॉक्टरांकडे जावे. सल्फासॅलॅझीन, लेफ्लुनोमाइड व हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन ही अन्य औषधे होत. १९९८ पासून उपलब्ध झालेली जैव औषधे प्रभावी पण महाग आहेत, आणि ती देण्यापूर्वी सुप्त क्षयरोग आहे काय हे पाहणे भारतात अपरिहार्य ठरते.

स्टेरॉइडांचा इतिहास बोधप्रद आहे. फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये कॉर्टिसोनाचा या रोगात प्रथम वापर केला व त्या कार्याबद्दल १९५० मध्ये त्यांना इतर दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. अंथरुणावरचे रुग्ण चालू लागल्याने प्रथम मोठा हर्ष झाला. पुढे हाडे ठिसूळ होणे, रक्तदाब, मधुमेह हे परिणाम दिसू लागले. आज ही औषधे अल्प मात्रेत व अल्प काळ देतात. बाजारात ‘वाताच्या पुड्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, घटक न छापलेल्या चूर्णांत व गोळ्यांत पुष्कळदा स्टेरॉइडच मिसळलेले असते. दोन दिवसांत जबडा सुटला की रुग्णाचा विश्वास बसतो, आणि अशी पुडी एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. हनुसंधीत थेट स्टेरॉइडाची सुई देता येते. प्रौढांत ती एकदोनदा उपयुक्त ठरते, वारंवार दिल्यास हाडाची हानी होते. वाढत्या मुलांत तिचा वापर अत्यंत जपून करतात.

स्थानिक उपायांत काही आठवडे मऊ आहार, ओलसर उष्ण शेक, जांभई देताना हनुवटीस हाताचा आधार आणि रात्री दातांवर बसवावयाचे रेझिनाचे कवच, म्हणजे स्प्लिंट, यांचा समावेश होतो. सूज उतरल्यावर रोज हळूहळू तोंड उघडण्याचे व्यायाम करावेत. बळाने तोंड फाकविणे अपायकारक होय. पूर्ण विश्रांती म्हणून जबडा महिनोन्‌महिने न हलविणेही तितकेच वाईट, कारण न हलणारा सांधा जखडतो. पुढील दातांत फट पडली म्हणून दाढा घासून पकड जुळविण्याचा वा घाईने तारा लावण्याचा मोह टाळावा. रोग चालू असेतोवर शीर्षाची झीज चालूच असते व केलेले काम व्यर्थ जाते.

सांध्यात सुया घालून तो द्रवाने धुऊन काढण्याने काही रुग्णांना आराम मिळतो. सांधा जखडला वा पार झिजला तरच मोठ्या शस्त्रक्रियेचा विचार करतात. मुलांत बरगडीचा उपास्थीसह तुकडा बसवितात. प्रौढांत धातू व प्लॅस्टिक यांचा कृत्रिम सांधा बसविता येतो. १९८० च्या दशकात वापरलेल्या प्रोप्लास्ट-टेफ्लॉनच्या भागांचे कण सुटून आसपासचे हाड नष्ट झाल्याचे आढळले आणि १९९० च्या सुमारास ते अमेरिकेत मागे घेण्यात आले. त्यानंतरचे सांधे अधिक चांगले आहेत. तरीही अशी शस्त्रक्रिया तिचा विशेष अनुभव असलेल्या ठिकाणीच करावी.

शुद्धिहरणातील धोका : या रुग्णांना कोणत्याही शस्त्रक्रियेसाठी, मग ती गुडघ्याची असो वा प्रसूतीची, भूल देताना तीन अडचणी एकत्र येऊ शकतात. तोंड उघडत नाही. मागे गेलेल्या हनुवटीमुळे जिभेमागील वाट अरुंद असते. आणि मानेचे मणके सैल असल्यास मान मागे वाकविणे मज्जारज्जूस घातक ठरते. स्वरयंत्रातील लहान सांधेही याच रोगाने धरलेले असू शकतात. श्वासनालात नळी घालणे मग कठीण होते. अशा वेळी नाकातून लवचिक दुर्बिणीच्या साहाय्याने, रुग्ण जागा असतानाच नळी घालतात. ती सोय प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात नसते. तोंड किती उघडते, झोपेत घोरणे व श्वास अडकणे होते काय आणि मान वाकविल्यास हातांना मुंग्या येतात काय, या तीन गोष्टी रुग्णाने वा नातेवाइकांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच भूलतज्ज्ञास सांगाव्यात. दंतवैद्याच्या खुर्चीतही मान उशीवर सरळ ठेवावी, बैठक थोड्या वेळाची असावी व तोंडास अधूनमधून विश्रांती द्यावी. हाडांच्या ठिसूळपणासाठी बिस्फॉस्फोनेट गटातील औषध चालू असल्यास दाढ काढण्यापूर्वी ते दंतवैद्यास कळवावे, कारण त्या औषधामुळे क्वचित जबड्याच्या हाडाची जखम भरून येत नाही.